कानामागची जागा

सटवाजी आबांची आणि माझी पहिली भेट झाली, त्या भेटीत त्यांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. मी नांदूरघाटच्या शाळेवर नवा मास्तर म्हणून रुजू झालो होतो. अंगात धुतलेला कोट, डोक्याला रुमाल आणि सोबत शेरू नावाचा शिकारी कुत्रा. तो मला दौऱ्यावर आलेल्या पोलिसांच्या अमीनसाहेबांनी दिला होता. गावाने आपल्याला नीट पाहून घ्यावे म्हणून मी वेशीजवळ मुद्दाम रेंगाळलो होतो, हे आता कबूल करायला हरकत नाही. आबा मेंढरे घेऊन समोरून आले, थांबले आणि खाली बसून शेरूच्या गळ्यातल्या दोरीखाली त्यांनी बोट घालून पाहिले. बोट जाईना. दोरी इतकी आवळली होती की खालचे केस झडून कातडी ओली झाली होती. आबांनी ती कापली, शेरूच्या पंजांमधल्या गोचिड्या एकेक करून काढल्या आणि त्यालाच विचारावे तसे म्हणाले, "तुला पाळलंय का नुसतं बांधलंय?"

उत्तर मी द्यायला हवे होते. मी रुमाल सारखा करीत उभा राहिलो.

आबांच्या पंच्याहत्तरीनिमित्त गावातल्या मंडळींनी हे गौरवपुस्तक सिद्ध करायचे ठरवले. छापखाना कुठला परवडणार? म्हणून ते हाताने लिहिले जात आहे, दोनच प्रतींत. अक्षर बरे आणि नोकरी संपलेली, म्हणून सगळे लेख उतरवून काढण्याचे काम माझ्याकडे आले. आबांच्या जन्माची नोंद कुठेच नाही. वय विचारले की ते पाळलेल्या कुत्र्यांवर मोजतात: पाच कुत्र्यांइतके, आणि वर काही. ते 'वर काही' चांगले पंचवीस वर्षांचे आहे, कारण पाचव्या कुत्रीनंतर त्यांनी स्वतःचे कुत्रे पाळलेच नाही. त्या पाचवीचे नाव गंगी. तिच्याविषयी मला लिहायचे आहे. पण आधी आबांचे काम सांगतो, नाहीतर मी काय बुडवले ते वाचकांना कळणार नाही.

आबा मेंढरे राखणारे. पण पंचक्रोशीतले कुत्रे पाळणारे सगळे, मळ्यावरचे असोत की पालावरचे, आपली अडचण घेऊन त्यांच्याकडे येतात. अडचणी साध्याच असतात. दिवसा कुत्रे बांधावे की मोकळे सोडावे? पिल्लू आईपासून कधी तोडावे? लांडग्याच्या भीतीने घातलेला खिळ्यांचा पट्टा दिवसा काढावा की राहू द्यावा? आबा म्हणतात, काढावा. कुत्र्याच्या मानेलाही आराम लागतो. कोंबडीचे हाड घालू देत नाहीत, कारण ते घशात चिरफळते. जखमेत किडे पडले की सीताफळीच्या पाल्याचा रस, खरजेला करंजाचे तेल. हे उपाय आणखीही कुणी सांगेल. आबांचे वेगळेपण असे की आपली विद्या कुठे संपते ते त्यांना नेमके ठाऊक आहे. पिसाळलेल्या कुत्र्याला औषध नाही, हे ते पहिल्याच वाक्यात सांगतात. माणसाला दात लागला तर मंतरणाऱ्याकडे जाऊ न देता गाडी जुंपून सरकारी दवाखान्याकडे पिटाळतात. एकदा एका माउलीने आपल्या लेकाच्या पोटरीवरचा दाताचा वण पदराने झाकला होता. आबांनी तिला रागे न भरता जोंधळ्याची भाकर बांधून दिली आणि दवाखान्यापर्यंत स्वतः चालत गेले. तो लेक आज गावात हळद विकतो.

त्यांचा एक नियम मात्र फार कडक होता. अनोळखी जनावराने आपल्या कुत्र्याला नुसता ओरखडा काढला असला, तरी दोन महिने त्याला कळपापासून आणि माणसांपासून दूर, मजबूत साखळीने बांधायचे. पाणी लांबून सरकवायचे. आणि जखम लपवायची नाही. लपवलेल्या जखमेवर औषध चालत नाही, एवढेच ते म्हणत.

मी ती लपवली.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी सुटीत मी बैलगाडीने कपिलधारला गेलो होतो. शेरू सोबत होता. धबधब्याखाली यात्रेकरूंच्या उष्ट्याच्या ढिगावर एक मरतुकडे, लाळ गाळणारे कुत्रे त्याच्या अंगावर आले. क्षणाचीच झटापट. शेरूचा ओठ फाटला. मी तो वाहत्या पाण्यात धुतला आणि परतीच्या सगळ्या वाटेवर एकच हिशेब केला. अमीनसाहेब महिन्याभरात शिकारीला येणार होते. त्यांनी शेरूला मागवले होते, आणि त्यांच्या एका शब्दावर माझी बदली बीडच्या मोठ्या शाळेवर होणार होती. कुत्रा दोन महिने खुंट्याला बांधला तर साहेबांपुढे काय नेणार?

गावात शिरताच आबांची नजर शेरूच्या ओठावर गेली. काय झाले, त्यांनी विचारले. बाभळीच्या काट्यात घुसला, मी म्हणालो. त्यांनी ओठ उलटून पाहिला. शेजारी उभे असलेले म्हादबा मेंढके कुजबुजले की हा दात दिसतोय. आबा उठून म्हणाले, "मास्तर हायत. खोटं कावून बोलतील?"

पुढे आयुष्यात मला पुष्कळ लोकांनी मान दिला. त्या वाक्यात जेवढा मिळाला तेवढा कधी मिळाला नाही, आणि तो घेऊन मी घरी जाऊन जेवलो.

महिना उलटला, साहेबांचा दौरा लांबला. शेरूचा आवाज घोगरा झाला, तो पाण्याकडे पाठ करू लागला, कडबा चावू लागला. ऊन बाधले, असे मी शेजाऱ्यांना सांगितले आणि परसात एका दोरीने त्याला अडकवले. आबा तेव्हा मेंढरे घेऊन दुसऱ्या शिवारात होते. एका दुपारी शेरूने दोरी तोडली. मी काठी घेऊन मागे धावलो. नेमका त्याच वेळी आबांचा कळप परतत होता. कळपाच्या पुढे चालणारी गंगी ओढ्यात उतरली होती, आबा अजून वळणाआड होते. शेरूने तिला गाठले. डाव्या कानामागे, दाट केसांत त्याचे दात रुतलेले मी दहा हातांवरून पाहिले. मग तो सुटला आणि डोंगराकडे गेला तो गेलाच. गंगीने अंग झटकले. रक्ताचा थेंब दिसेना. आबा वळणावरून आले तेव्हा मी ओढ्यालगत काठी टेकून उभा होतो. शेरू कुठाय, त्यांनी विचारले. डोंगरात पळाला, बिबट्या नेईल बहुतेक, मी म्हणालो.

तेव्हाही सांगता आले असते. गंगी दोन महिने बांधली गेली असती, एवढेच. पण एक खोटे झाकायला दुसरे लागते, आणि दुसरे बोलायला पहिल्याइतके कष्ट पडत नाहीत.

सहा आठवड्यांनी गंगी पिसाळली. तिने तीन मेंढ्यांना दात लावले. माणसाला कुणाला लागला नाही, हे माझे नशीब. त्यात माझे पुण्य काही नव्हते. आबांनी तिला स्वतःच्या हाताने मारले, दुसऱ्या कुणाला मारू दिले नाही. ती शेवटच्या घटकेपर्यंत त्यांना ओळखत होती असे म्हादबा म्हणत. चावडीपुढे गाव जमले. कुत्र्यांचे एवढे ज्ञान सांगणाऱ्याच्याच कुत्रीला रोग कसा लागला, असा सवाल झाला. आबा हात जोडून म्हणाले, "माझीच नजर चुकली. तिला दात कुठं लागला मला दिसला न्हाई." त्या वर्षी कुणीही त्यांना शेतात मेंढरे बसवायला बोलावले नाही. लेंडीखतासाठी एरवी त्यांच्यापुढे रांग लागत असे. चावडीपुढच्या त्या गर्दीत मी तिसऱ्या रांगेत होतो. माझ्या अंगात तोच धुतलेला कोट होता.

अमीनसाहेब आले, शेरू गेल्याचे ऐकून हसले आणि बदलीचे नावही न काढता निघून गेले. ज्यासाठी मी हे केले ते झालेच नाही. उरलेली सगळी नोकरी मी नांदूरघाटलाच काढली, आबांच्या नजरेसमोर. माझ्या लग्नात ते आले. माझी मुले तापली तेव्हा त्यांनी शेळीचे दूध पाठवले. एवढ्या वर्षांत त्यांनी मला कधी वाईट शब्द ऐकवला नाही, आणि दर वेळी मला वाटे की आज सांगावे.

आता या पुस्तकाकडे येतो. बहुतेक लेखकांनी आबांच्या दोन गोष्टी मनापासून वाखाणल्या आहेत. एक म्हणजे त्यांचा हात. आलेल्या प्रत्येक कुत्र्याच्या अंगावरून, कानापासून शेपटीपर्यंत, ते बोटांनी केस पिंजत जातात. नजरेवर विसंबत नाहीत. दुसरी म्हणजे स्वतःचे कुत्रे न पाळणे. सगळ्यांची कुत्री तीच आपली, असा हा विरक्त पुरुष, असे एकाने लिहिले आहे. ही पाने मी सुवाच्य अक्षरात उतरवली. मग रंगनाथराव पाटलांचा लेख हाती आला. रंगनाथराव आबांचे खरे चाहते, त्यांचा हेतू निर्मळ. त्यांनी लिहिले आहे की गंगीच्या बाबतीत आबांचीही नजर एकदा चुकली, पण एवढ्याशा चुकीने त्यांचे मोठेपण उणावत नाही.

ते वाक्य माझ्याच्याने उतरवले गेले नाही. बोरू दौतीत बुडवला, कोरडा झाला, पुन्हा बुडवला. ज्याने ते खोटे जन्माला घातले त्यानेच ते आता शाईने पक्के करायचे होते.

दुसऱ्या दिवशी कागद घेऊन आबांकडे गेलो. ते अंगणात कुणाच्या तरी पिवळ्या कुत्र्याच्या अंगातले गोखरू काढत बसले होते. मी वाक्य वाचून दाखवले. बराबर लिवलंय, राहू द्या, ते म्हणाले. मग मी सांगितले. कपिलधार, ओठ, बाभूळ, ओढा. सांगताना एकही निमित्त पुढे केले नाही, कारण एकही टिकण्यासारखे नव्हते. आबांचा हात थांबला.

"कुठं चावला व्हता?"

"डाव्या कानामागं. केसांत."

त्यांनी समोरच्या पिवळ्या कुत्र्याचा डावा कान उचलला आणि त्याच्या मागे बोट टेकवले. बोट तिथेच राहिले.

"पंचवीस वरसं मी परत्येक कुत्र्यात तीच जागा हुडकतोय, मास्तर."

ज्याला आम्ही सगळे त्यांची विद्या म्हणून मुजरा करत होतो, ती माझी करणी होती. आणि ती विरक्तीही. आपल्या नजरेवर जीव सोपवण्याची आपली लायकी नाही, असे एका चांगल्या माणसाने ठरवून टाकले होते, आणि गावाने त्याला मोठेपणाचे नाव दिले होते. मला तोंड वर करवेना. आबा माझ्यावर ओरडले नाहीत. घरी जा, एवढेच म्हणाले. माफ केले असे ते म्हणाले नाहीत आणि मी मागितलेही नाही.

तीन दिवसांनी त्यांनी बोलावणे धाडले. पुस्तकात लिवा, म्हणाले. मला मोठा करू नका, स्वतःला लहानबी करू नका, झालं तेवढं लिवा. वाचणारा एखादा तरी जखम लपवणार न्हाई. रंगनाथरावांना मी तोच मजकूर दाखवला. त्यांनी माझ्याकडे न पाहता आपले वाक्य खोडले. गावात काही जण आता माझा रामराम घेत नाहीत. ते योग्यच आहे.

एक गोष्ट सांगून थांबतो. गंगीचे एक पिल्लू फार पूर्वी सिरसाळ्याच्या मेंढक्यांकडे गेले होते. तिचा वंश तिथे अजून आहे. ते मेंढके दर दोन-तीन वर्षांनी आबांना पिल्लू देऊ करतात आणि आबा दर वेळी नाही म्हणतात. या खेपेला आबा नाही म्हणाले नाहीत. पिल्लू मादी आहे, डोळे नुकते उघडलेत, अजून आईला पिते आहे. पंच्याहत्तराव्या वर्षी कुत्रे घ्यावे का, हा प्रश्न आबांनी आजवर कितीतरी म्हाताऱ्यांना सोडवून दिला आहे. तोच आता त्यांच्यापुढे आहे. माझ्यामागं तिचं कोण करील, असे ते परवा स्वतःशीच पुटपुटले. मी करीन, मी म्हणालो. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिले. पहिल्या भेटीत जे पाहिले नव्हते ते सगळे त्या दिवशी पाहून घेतले.

"जखम झाली तर सांगताल का?"

सांगीन, मी म्हणालो. त्यांनी अजून होकार दिलेला नाही.

इतर लेखक आबांना शंभर वर्षे मागतील, मीही मागतो. पण माझे मागणे जरा स्वार्थी आहे. त्या पिल्लाचे सगळे आयुष्य पुरून उरेल एवढे आयुष्य आणि एवढी तब्येत आबांना लाभो, म्हणजे ते माझ्या हवाली करण्याची वेळच त्यांच्यावर येऊ नये. त्यांची बोटे शाबूत राहोत आणि यापुढे त्यांना काही हुडकावे न लागो. आणि रोज सांजेला मी तिला फिरवून त्यांच्या अंगणात परत आणीन तेव्हा त्यांनी मला विचारावे, आज तिला कुठे काही लागले का. आणि लागले असेल तर मी, लागले, म्हणावे.