कोपराची रेघ

कोपरमिस्त्री माणसं चेहऱ्यावरून ओळखत नसत, कोपरावरून ओळखत. शाहूपुरीत एकदा माझ्यासमोरच एका बाईंनी त्यांना थांबवून तब्येतीची चौकशी केली, तर हे आपले गोंधळून बघत राहिले. बाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली, कोपर वाकलं आणि यांचा चेहरा खुलला. "चौतीस इंच. सिंक डाव्या अंगाला. बरोबर की?" बरोबरच होतं. नाव मात्र शेवटपर्यंत आठवलं नाही.

उद्यमनगरात त्यांची पत्र्याची शेड होती. आधी ते कारखान्यांच्या कँटीनसाठी स्टीलची टेबलं नि सिंक करून देत, पुढं घरचे कट्टेही करू लागले. जिचं स्वयंपाकघर तिनं शेडमध्ये यायचं, चप्पल काढायची, भिंतीला पाठ लावून उभं राहायचं आणि हवेत भाकरी थापायची. मिस्त्री डोळे बारीक करून बघत. कोपर जिथं स्थिरावेल तिथं भिंतीवर लाल रंगाची आडवी रेघ मारत, शेजारी नाव लिहीत. त्या रेघेखाली चार बोटं सोडून कट्टा. जिला येणं जमायचं नाही तिच्या घरून सुतळीला गाठ मारून माप आणत.

आईबरोबर मी तिथं पहिल्यांदा गेले तेव्हा आठवीत होते आणि मला त्या भिंतीची भीती वाटली. अख्खी भिंत रेघांनी भरलेली. त्यातल्या कितीतरी बायका तेव्हाच हयात नव्हत्या. मिस्त्री मात्र सगळ्यांविषयी अशा थाटात बोलत, की जणू त्या आत्ताच बाहेर चपला घालताहेत. "ह्या कागलच्या काकी. ह्यांना उंच कट्टा सोसत न्हाय." आईनं हळूच मला सांगितलं, त्या काकींना जाऊन चार वर्षं झाली म्हणून. खंडेनवमीला मिस्त्री हत्यारांना फुलं वाहत आणि मग प्रत्येक रेघेला हळदकुंकू लावत. सवाष्ण असो की विधवा, जिवंत असो की गेलेली, एकही सोडत नसत. लोक कुजबुजायचे. मिस्त्रींना ते ऐकू येत नसावं, किंवा ऐकून घ्यायचं नसावं.

कट्टा तयार झाला की ते त्यावर दोन्ही हातांनी भाकरी थापल्यासारखं थापटत आणि कान लावून ऐकत. मुका कट्टा त्यांनी कधी कुणाला दिला नाही. आमचा कट्टा तर चांगलाच बोलका होता. आई भाकरी थापायला लागली की आवाज बोळाच्या तोंडापर्यंत जायचा. माझे वडील, आबा, फौंड्रीतून येताना तो ऐकायचे, हातपाय धुऊन थेट पाटावर बसायचे, हाक मारावी लागायची नाही. पहिली भाकरी मुकाट्यानं खायचे आणि मग मान वर न करता म्हणायचे, "दुसरी जरा कडक भाज." रोज. इतकंच त्यांचं जेवतानाचं बोलणं.

मी बारावीत असताना आई गेली. आबांचं तेवढं बोलणंही थांबलं.

पुण्याला इंटिरिअर डिझाइन शिकून मी परत आले, जुनं घर विकून फ्लॅट घेतला. दोन हजार चारची गोष्ट. हा फ्लॅट म्हणजे माझी जाहिरात होणार होती. परदेशी मासिकांत बघून मी ठरवलं होतं, स्वयंपाकघर इंडस्ट्रियल करायचं. उघड्या विटांची भिंत, वरून दिसणारे पाइप, कारखान्यासारखे लोंबते दिवे, लोखंडी मांडणी, मधोमध लांब स्टीलचा कट्टा, बसायला उंच स्टुलं. आबांनी चित्र पाहिलं आणि म्हणाले, "तीस वर्षं कारखान्यात डबा खाल्ला. आता घरीबी कारखान्यातच जेवू व्हय?" मी हसण्यावारी नेलं.

मिस्त्रीही हसले. म्हणाले, एवढा खर्च कशाला, माझ्या शेडमध्येच ऱ्हायला या की. मग भिंतीकडे हात करून म्हणाले, "चप्पल काढ आन् उभी ऱ्हा." मी उभी राहिले नाही. उंचीचं स्टँडर्ड ठरलेलं असतं, छत्तीस इंच, असं त्यांना सुनावलं आणि ड्रॉइंग हातात देऊन निघाले. डिझायनर होते ना मी.

कट्टा आला तो तेहतीस इंचांचा.

मी कामगारांसमोर त्यांना विचारलं, ड्रॉइंग वाचता येत नाही का तुम्हाला? त्या वाक्याची आजही लाज वाटते. मिस्त्रींनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "वाचलं की. पर तू उभी ऱ्हायली न्हाईस. मग वैनींची रेघ धरली."

"आई जाऊन आठ वर्षं झाली, मिस्त्री. स्वयंपाक मी करणार आहे."

"व्हय," ते म्हणाले. "माणूस जातं. कोपर लेकीत उतरतं."

दुसऱ्या दिवशी ते चार लोखंडी ठोकळे घेऊन आले आणि कट्ट्याच्या पायांखाली बसवले. माझ्या नव्या फरशीवर ओरखडे नकोत म्हणून मी ठोकळ्यांखाली जाड रबर लावायला लावलं. छत्तीस इंच झाले. मिस्त्रींनी सवयीनं दोन्ही हातांनी थापटून पाहिलं, कान लावला. रबरानं कट्टा मुका झाला होता. जाताना एक पाना सिंकमागच्या खिळ्याला अडकवला. "वेल्डिंग केलं न्हाय. बोल्टवर ठिवलंय. कदी वाटलं तर काढ."

फोटो छान आले. कामं मिळाली. पण भाकरी थापताना माझे खांदे कानाला लागायचे आणि भाकरी फाटायची. मग मी चपात्याच करू लागले. आबा स्टुलावर एकदाही बसले नाहीत. ताट घेऊन गॅलरीत जायचे, रस्त्याकडे तोंड करून जेवायचे. कधी अर्धी चपाती तशीच परत यायची. वडील माझ्या घरात पाहुण्यासारखे राहत होते आणि मला कारण कळत नव्हतं, किंवा कळून घ्यायचं नव्हतं.

चार वर्षांनी मिस्त्री गेले. माफी मागायची राहिली ती राहिलीच. शेड विकली होती. ताबा द्यायच्या आधी भिंतीला चुना लावायचा आहे, बघायचं असलं तर या, असा त्यांच्या मुलाचा फोन आला. रंगारी डबे घेऊन दारात थांबले होते. त्या बायकांच्या रेघांवर हळदकुंकवाचे डाग अजून होते. मी आईचं नाव शोधलं, चप्पल काढली, भिंतीला पाठ लावली आणि हवेत हात हलवले. कोपर कुठं आलं ते मला बघावं लागलं नाही. मुलानं बघितलं आणि खाली मान घातली.

घरी येऊन पाना काढला. वॉचमनच्या मदतीनं कट्टा उचलून चारही ठोकळे काढले. मग पीठ मळलं, परात कट्ट्यावर ठेवली आणि थापायला लागले. स्टील असं वाजलं की माझे हात क्षणभर थांबले. तो आवाज माझा नव्हता. मी बारा वर्षं तो ऐकला नव्हता. घाबरले, खरं सांगते, तरी थापत राहिले. थांबले तर ती जाईल असं वाटलं.

गॅलरीतली खुर्ची सरकली. बेसिनचा नळ सुटला, बंद झाला. आबा आत आले, कट्ट्याजवळ खाली फरशीवर मांडी घालून बसले. मी ताट वाढून समोर ठेवलं, पहिली भाकरी दिली आणि पाठ फिरवून पुन्हा कट्ट्याशी उभी राहिले. त्यांनी ती मुकाट्यानं संपवली.

"दुसरी जरा कडक भाज," ते म्हणाले.

मी वळले नाही. वळले असते तर त्यांना माझा चेहरा दिसला असता. पिठाचा गोळा घेतला आणि दुसरी थापायला लागले.