शीलाआत्याचा चुकणारा नेम

माझी शीलाआत्या नक्की काय काम करते, हे आमच्या ठाकुर्लीच्या बिल्डिंगमध्ये अजून कुणालाही नीट कळलेलं नाही. तळमजल्यावरच्या विमलाबाई तिला दर थोड्या दिवसांनी जिन्यात गाठतात आणि एका हातानं गुडघा धरून विचारतात, "म्हंजे शीला, तू नर्स नाय. डाक्टर पण नाय. मग तू त्या लोकांचं करतेस तरी काय?"

"खेळते, विमलाबाई. गाणी म्हणायची, चित्रं काढायची, कॅरम, पत्ते. माणूस रमला की औषध पण लागू पडतं."

"आणि ह्याचा पगार देतात?"

"देतात ना."

"मग आमच्या सुदेशला पण चिकटव की. दिवसभर तेच करतो."

आत्या वर येऊन हे सगळं करून दाखवायची, गुडघ्यासकट. घोडबंदरच्या बाजूला एका ट्रस्टचं मनोरुग्णालय आहे, तिथं ती मी जन्मायच्या आधीपासून आहे. पाटीवर 'करमणूक उपचारतज्ज्ञ' असं लिहिलंय. रोज संध्याकाळी चप्पल काढता काढताच तिच्या तोंडून त्या वॉर्डातली माणसं घरात शिरायची. वॉर्डबॉय रवींद्र ("मॅडम, कॅरमची पावडर संपली. म्हणजे संपली नाय, एका पेशंटनी तोंडाला लावली"), तरुण डॉक्टर केदार सर ("बेसिकली इट्स अ गुड साइन, म्हणजे चांगलं साइन आहे"). मी त्या लोकांना बघायच्या आधीच त्यांच्यासारखी बोलायला, खोकायला लागलेले.

कॉलेजात असताना आत्या जिल्ह्यापर्यंत कॅरम खेळलेली. मग तिला बघायला मुलुंडचा एक मुलगा आला, बँकेतला. पोहे झाले. मुलाचे काका म्हणाले, आमचा पण बरा खेळतो हां. बोर्ड काढला. आत्यानं त्या बिचाऱ्याला एक सोंगटी घालू दिली नाही, एक. पाहुणे जिना उतरून गेल्यावर आमचे अण्णा, म्हणजे माझे आजोबा, जे भांडतानासुद्धा व्याकरण सोडत नाहीत, म्हणाले, "शीला, घरी आलेल्या माणसाला एखादा डाव द्यावा. निदान शिष्टाचार म्हणून तरी."

"अण्णा, त्याला स्ट्रायकरच धरता येत नव्हता. मी काय करू?"

लग्न राहिलं ते राहिलंच. पण त्या मुलीला नोकरी लागली ती रोज हरायची.

खरंच. हरणं ही तिच्या कामातली मुख्य गोष्ट. कित्येक महिने कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेला माणूस एक डाव जिंकला की दुसऱ्या दिवशी स्वतःहून दाढी करतो, हे तिनं पाहिलेलं. "हरायला जिंकण्यापेक्षा जास्त नेम लागतो," ती म्हणायची. "भलतीकडे मारलं तर पेशंट लगेच ओळखतात. सोंगटी भोकाच्या कडेवर जाऊन थांबली पाहिजे. मग आपण 'अरेरे' म्हणायचं, आणि ते पोटातून आलं पाहिजे." तिचं ते 'अरेरे' ऐकलं तर तुम्हाला दया येईल. अण्णांना तर नेहमी यायची.

महिपत तिच्याकडे आले तेव्हा कॅरम सोडा, कुणाशी बोलतही नव्हते. एका कारखान्यात फिटर होते, पन्नाशीचे. त्यांच्या डोक्यात बसलेलं की शेजारपाजारचे सगळे मिळून त्यांच्याविरुद्ध काहीतरी ठरवतायत, आणि कुकरच्या शिट्ट्यांनी एकमेकांना खुणा करतायत. आधी नोकरी गेली, मग बायको माहेरी गेली. वॉर्डात कुणी खोकलं तरी ते विचारायचे, "तो का खोकला?"

आत्यानं त्यांना कधी 'तसं काही नसतं हो' असं म्हटलं नाही. नुसतं बोर्डापाशी बसवलं. आधी नुसतं बघायला, मग पावडर टाकायला, मग एक दिवस स्ट्रायकर हातात. वर्ष गेलं त्यात. ते जिंकायला लागले. आत्याशी, रवींद्रशी, दुसऱ्या पेशंटांशी. बोलायला लागले. एकदा म्हणाले, आणि आत्यानं घरी हे करून दाखवताना आवाज मुद्दाम हळू केलेला, "मॅडम, इथं बरं वाटतं. बोर्डावर कोण खोटं नाय बोलत. सोंगटी गेली म्हणजे गेली."

नंतर ते शिट्ट्यांवर हसायलाही लागले. "शिट्टी म्हणजे काय मॅडम, भात झाला!"

त्यांची मोठी बहीण सुमतीताई बाळकुमला असते, टॉवरमध्ये, मुलगा-सुनेबरोबर. केदार सरांनी तिला बोलावलं. ती तयार झाली. दसऱ्यानंतर घेऊन जाते म्हणाली. मधली खोली रिकामी करते, पडदे धुवून ठेवते. आत्या त्या दिवशी येताना जिलबी घेऊन आली. तिच्या इतक्या वर्षांत घरी गेलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यातलीही बरीच परत आलेली. "हा जाईल," ती अण्णांना म्हणाली. "हा जाऊन राहील."

दसऱ्याच्या आधी रुग्णालयाचा क्रीडादिन असतो. स्टाफच्या घरच्यांनाही बोलावतात, म्हणून मी गेलेले. लिंबू-चमचा, संगीत खुर्ची, आणि कॅरमची फायनल: आत्या विरुद्ध महिपत. आत्या हरली. एका सोंगटीनं, फार सुंदर हरली. शेवटची काळी तिच्याच बाजूला, रेघेच्या मागे अडकलेली. तिथून मारायची म्हणजे उलटा कट पाहिजे, समोरच्या कडेवर आपटून मागे येणारा. तिनं मारला, सोंगटी केसभर चुकली. "अरेरे!" सगळा हॉल ओरडला.

बक्षीस द्यायला त्या भागातले कुणी समाजसेवक आलेले. पांढरे बूट, अंगठ्या, आणि माइक नसला तरी माइकवाला आवाज. कप देता देता त्यांनी महिपतना पायापासून वरपर्यंत न्याहाळलं.

"हे आपले च्यांपियन? कोणाला हरवलं ओ तुम्ही?"

"मॅडमना," महिपत म्हणाले. आवाज लहान, पण मान ताठ.

"मॅडमना! हॅ हॅ! मग मॅडमना कोणपण हरवेल! मॅडम, तुम्ही पण इथंच ॲडमिट व्हा आता."

खुर्च्यांमधून हशा उठला. महिपतांची मान खाली गेली.

आत्याला स्वतःवरचं काहीही चालतं. हे चाललं नाही. ती हसत हसत म्हणाली, "साहेब, एक बोर्ड होऊन जाऊ दे?"

"लेडीज फस्ट," म्हणत साहेब बसले. मंडळात वीस वर्षं खेळतोय, असंही म्हणाले.

आणि मग मी माझ्या आत्याचा हात पहिल्यांदा बघितला. आमच्या घरात जो हात पोळ्या लाटतो आणि रिमोट शोधतो तो हा नव्हेच. सोंगट्या आपल्या पायांनी चालत भोकात गेल्या. राणी घेतली, लगेच कव्हर. साहेब एकदा म्हणाले लाइट बरोबर नाय, एकदा म्हणाले बोर्ड वाकडा आहे, नंतर नुसत्या अंगठ्या फिरवत बसले. मी तोंडात दोन बोटं घालून शिट्टी मारली. शेवटची सोंगटी तिच्याच बाजूला, रेघेच्या मागे राहिली. आत्यानं बघितलंही नाही धड. उलटा कट, आत.

ती उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बघितलंत साहेब? आणि हे महिपतभाऊ मला हरवतात!"

टाळ्या. महिपतही टाळ्या वाजवत होते, आनंदानं, कप काखेत धरून. मग त्यांचे हात थांबले. त्यांनी बोर्डाकडे बघितलं, त्या रेघेमागच्या जागेकडे. मग आत्याच्या हाताकडे. मग रवींद्रकडे, मग एकेक करून सगळ्या पेशंटांकडे. कप त्यांनी अलगद बोर्डावर ठेवला आणि वॉर्डाच्या जाळीच्या दरवाजापाशी जाऊन, कुणीतरी तो उघडेल म्हणून उभे राहिले.

पुढचं आत्यानं घरी सांगितलं ते कुणाचेही आवाज न काढता. सरळ, बातम्यांसारखं. म्हणून जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी महिपतनी विचारलं, "मॅडम, फायनलला तुम्ही मुद्दाम?"

"मी नाही म्हटलं असतं तर निभलं असतं," आत्या म्हणाली. "पण वर्षभर त्या माणसाचा एवढाच विश्वास होता गं, की बोर्डावर खोटं नाही." ती हो म्हणाली.

"रवींद्र पण?"

"हो."

"बाकीचे पेशंट?"

"त्यांना मीच सांगितलेलं."

"म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. मला सोडून."

"हो, महिपतभाऊ. पण ते तुमच्यासाठी होतं."

"आणि शिट्ट्या?"

"शिट्ट्या वेगळ्या."

"कशा वेगळ्या?" महिपतनी विचारलं. रागानं नाही, समजून घ्यायचं म्हणून.

दसऱ्यानंतर सुमतीताई आली, भावासाठी नवा शर्ट घेऊन. केदार सरांच्या केबिनमध्ये सगळे बसले. महिपत म्हणाले, "ताई, तू मला मुद्दाम बोलावतेस ना?"

"अरे मुद्दामच बोलावते! चुकून कोण बोलावतं का भावाला?" सुमतीताई हसली.

ते हसले नाहीत. "कोणी सांगितलं तुला बोलव म्हणून?" म्हणाले. सुमतीताईनं केदार सरांकडे बघितलं. बघायला नको होतं. तिला खरंच केदार सरांनीच सांगितलेलं. महिपतनी ते बघितलं, शर्ट टेबलावर सरकवला आणि म्हणाले, मी इथंच बराय.

ते गेल्यावर केदार सर म्हणाले, "सस्पिशन परत आलंय. बेसिकली डोस वाढवावा लागेल."

"सर, संशय कसला? आम्ही खरंच सगळे मिळून त्याला जिंकवत होतो. त्यानं बरोबर ओळखलं."

"मॅडम, बरोबर असू शकतं. पण तो ज्या पद्धतीनं त्यावर बसलाय ना, तो आजारच आहे."

"मग बऱ्या माणसानं काय करायला हवं होतं?"

केदार सर वाईट नाहीत. त्यांनी विचार केला. मग म्हणाले, "बघू आपण, दोन-तीन महिने."

दोन-तीन महिन्यांत सुमतीताईच्या सुनेची आई पाय मोडून मधल्या खोलीत राहायला आली. सुमतीताईचा फोन आला तेव्हा मी शेजारी होते. तिच्या आवाजात रडू होतं आणि रडण्याच्या खाली कुठेतरी ओझं उतरल्याचा सुस्कारा होता. दोन्ही खरे होते. आत्या म्हणाली, "नाही हो ताई, तुमचा काय दोष?"

महिपत अजून रोज हॉलमध्ये येतात. खेळत नाहीत. आत्याच्या उजव्या हाताला स्टूल ओढून बसतात आणि तिचा हात बघतात. ती दुसऱ्या पेशंटबरोबर खेळते, एखादी सोंगटी कडेवर थांबवते, आणि अरेरे म्हणायच्या आत महिपत हळूच म्हणतात, "मुद्दाम."

दर वेळी बरोबर असतात. रवींद्रनं त्यांना दुसरीकडे बसवून बघितलं, आत्यानं नको म्हटलं. मग ती त्यांच्यासमोर खरं खेळायला लागली. खरं खेळली की समोरचा हरतो. एक हरून गेला तो पुन्हा बोर्डापाशी आला नाही. कोपऱ्यात परत भिंतीकडे तोंड करून बसला. दुसऱ्या एकानं बोर्डच उलटा केला. आता तिच्यासमोर बसायला कुणी फारसं येत नाही.

गेल्या आठवड्यात एक नवीन पोरगा आलेला, माझ्याहून थोडा मोठा. तो बसला. आत्याचं मन लागत नव्हतं, रात्रभर अण्णांचा दमा चाललेला, झोप नव्हती. एकदम सोपी पांढरी होती, समोर, सरळ. तिनं मारली आणि ती चुकली. अशीच, कुणाचीही चुकते तशी.

"मुद्दाम," महिपत म्हणाले.

"नाही हो," आत्या म्हणाली. "देवाशपथ, महिपतभाऊ. ही खरंच चुकली."

त्यांनी तिच्याकडे बघितलं. मग समजूत काढल्यासारखी मान हलवली, जशी आत्या इतकी वर्षं पेशंटांसमोर हलवत आली तशी, आणि म्हणाले, "बरं मॅडम. तुम्ही म्हणता तर चुकली."