कललेली लाँच

लग्नानंतरचा पहिला संसार मी पनवेलच्या खाडीत, एका लाँचमध्ये मांडला. खाडीची खोली मोजायचं काम माझ्या नवऱ्याकडे होतं आणि त्यासाठी बंदर खात्यानं ह्यांना एक जुनी लाकडी लाँच दिली होती. महायुद्ध संपल्यावर लिलावात निघालेली, एस.टी.च्या गाडीपेक्षा जराशी लांब. काम रोज पुढं सरकायचं, म्हणून आम्ही तिच्यातच राहायचो.

आत जायला पायऱ्या उतराव्या लागत. उतरल्याबरोबर डाव्या हाताला स्वयंपाकाचा कोपरा. तिथं स्टोव्ह, ताटाएवढी मोरी आणि तिच्यावर पितळी कड्याची एक गोल खिडकी. उजव्या हाताला कपाटाएवढा संडास. पुढं समोरासमोर दोन बाकं आणि मध्ये दुमडून ठेवायचं टेबल. बाकांच्या पोटात तांदूळ, डाळी, कपडे, ह्यांच्या नकाशांची भेंडोळी. सगळ्यात पुढं, लाँच निमुळती होते तिथं, दोन अरुंद बिछाने, पायाशी एकमेकांना जुळलेले. त्यांच्या वर छताला एक झाकण होतं, ते उचललं की थेट बाहेर. पायाखालच्या फळ्यांच्या तळाशी नेहमी थोडं पाणी साचायचं. ते उपसायचा हातपंप पायऱ्यांजवळ होता.

घरात दोन माणसांना एकमेकांना टाळता येतं, इथं ती सोय नव्हती. एरवी मला त्याचं काही वाटत नसे. पण सासूबाई राहायला आल्या आणि ती जागा एकदम आक्रसली.

आमचं लग्न त्यांना न विचारता, नोंदणी करून झालं होतं. वर्ष उलटलं तरी त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. मुलगा खाडीत राहतो हे कुणाकडून तरी कळलं, तेव्हा त्या पेणहून आल्या, पण येताना स्वतःची भांडी घेऊन आल्या. तवा, पातेली, पोळपाट, सगळं. आपलं आपण रांधायच्या. मी हातभर अंतरावर उभी असताना ह्यांना म्हणायच्या, "तिला म्हणावं, स्टोव्ह आता मला हवाय." हे नकाशात डोकं घालायचे. मी बाजूला सरायची, म्हणजे पायरीवर जाऊन बसायची, कारण सरायला दुसरी जागाच नव्हती.

एका सकाळी हे आणि रोज काठावरून कामाला येणारा खलाशी लाँचची छोटी होडी घेऊन खाडीच्या वरच्या अंगाला खुणेच्या काठ्या रोवायला गेले. लाँचवर आम्ही दोघीच राहिलो. ते गेल्यावर वारा फिरला. लाँच नांगराभोवती वळली आणि खोल पाण्यावरून काठच्या उतारावर आली. मला ते कळलंच नाही. ओहोटी लागली, पाणी उतरू लागलं, तेव्हा तळ घासल्याचा आवाज आला. मग ती डावीकडे झुकायला लागली.

आधी वाटलं, थांबेल. थांबली नाही. खुंटीवरची झारी भिंतीपासून सुटून अधांतरी लोंबू लागली. बाकावरचा डबा घसरला, झाकण उडालं आणि डाळ सगळीकडे पसरली. उजवीकडच्या खिडक्यांतून नुसतं आभाळ दिसत होतं, डावीकडच्या खिडक्यांतून नुसता चिखल. दारातून कर्नाळ्याचा सुळका तिरपा झालेला दिसला. सासूबाई उजव्या बाकाची कड दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या.

मी रांगत वर गेले. ह्यांची होडी दिसत नव्हती. पाणी उतरल्यावर तीही कुठंतरी चिखलात बसली असणार, म्हणजे भरती येईपर्यंत हे येणार नव्हते. लांब मिठागराच्या बांधावर एक माणूस उभा होता. मी पदर हलवला. त्यानंही हात हलवला आणि मग समोरच्या चिखलाकडे बोट दाखवलं. मध्ये कमरेपेक्षा खोल रेंदा होता, त्यातून कुणी येऊ शकत नव्हतं.

ह्यांनी एकदा बोलता बोलता सांगितलं होतं की, लाँच अशी बसली तर ओहोटीला काही होत नाही, धोका भरतीला असतो. चिखल तळ धरून ठेवतो. ती उठायच्या आधीच पाणी खालच्या बाजूनं चढलं, तर आत शिरतं. डावीकडच्या बाकीच्या खिडक्या मी घट्ट मिटल्या. मोरीवरची मात्र मिटेना. तिची बिजागरी कधीची जाम होती. स्वयंपाकाचा धूर जातो म्हणून आम्ही ती तशीच राहू दिली होती. मी बत्त्यानं ठोकून पाहिलं. ती हलली नाही.

मग मी डावीकडचं जे जड असेल ते उजवीकडे न्यायला लागले. तांदळाचा डबा, रॉकेलचं कॅन, जादा नांगराची साखळी. थोड्या वेळानं साखळीचं दुसरं टोक हलकं लागलं. सासूबाईंनी ते उचललं होतं. आम्ही दोघी ओझी वर चढवत राहिलो.

भरतीचं पाणी गुपचूप आलं. चिखलावर आधी नुसती चमक दिसली, मग ते फळ्यांना लागलं आणि चढू लागलं. लाँच जागची हलेना. पाणी खिडकीच्या वीतभर खाली आलं तेव्हा मी त्यांना म्हटलं, "आई, तुम्ही पुढच्या झाकणातून वर जा. वरच्या कडेला बसा." तोवर मी त्यांना कुठल्याच नावानं हाक मारली नव्हती.

"आणि तू?"

"मी आत थांबते. पंप मारायला कुणीतरी हवं."

"मग मी वर बसून काय करू? तू बुडताना बघू?"

त्या घसरत खाली, मोरीशी गेल्या. आपला पोळपाट घेतला, त्याच्या सपाट बाजूला जुनं लुगडं चौपदरी दुमडून लावलं आणि तो खिडकीच्या कड्यावर दाबला. पोळपाट कड्यापेक्षा मोठा होता. लाँच इतकी कलली होती की ती भिंत जवळजवळ जमीनच झाली होती. सासूबाई त्या पोळपाटावर सगळा भार टाकून बसल्या.

पाणी खिडकीवर आलं. लुगड्याच्या कडांतून धारा फुटल्या. मी पंप मारत होते. दांडा वर, दांडा खाली. तळातलं पाणी फळ्यांवर आलं होतं, ते घोट्याला लागत होतं आणि मी उपसत होते तेवढंच परत भरत होतं. खिडक्यांच्या काचांबाहेर गढूळ पाणी होतं. सासूबाईंचं लुगडं कमरेपर्यंत भिजलेलं, डोळे मिटलेले, ओठ हलत होते. मध्येच त्या म्हणाल्या, "थांबू नकोस." मी थांबले नव्हते. हाताला फोड आले होते, ते फुटले, तेव्हा दांडा ओला लागायला लागला.

मग खालून, लाकडाच्या अगदी आतून, एक लांब कण्हल्यासारखा आवाज आला. मला वाटलं, फळी गेली. लाँच थरथरली, एक हिसका बसला आणि सगळं उजवीकडे भिरकावलं गेलं, आम्हीसुद्धा. तळ सुटला होता. ती उभी राहिली, दोन-तीनदा डुलली आणि तरंगू लागली. खिडकीतून आभाळ आणि पाणी दोन्ही दिसू लागलं.

हे होडी वल्हवत आले तेव्हा आम्ही दोघी टपावर बसलो होतो. बिछाने, कपडे, नकाशे सगळं उन्हात पसरलेलं होतं. ह्यांचा चेहरा उतरला. काय झालं, कसं झालं ते मीच सांगितलं. सासूबाईंनी माझा हात ओढून घेतला, तळव्याला खोबरेल लावलं आणि फडक्याची पट्टी बांधली. पट्टी फार घट्ट झाली होती, पण मी तसं म्हटलं नाही.

ह्यांनी त्यांना म्हटलं, उद्या दुपारच्या भरतीत बंदरावर सोडतो, पेणची गाडी मिळेल. त्या म्हणाल्या, ठरवून आले होते तेवढे दिवस राहीन. राहिल्या. भीती मात्र गेली नव्हती. पाणी उतरायला लागलं की त्या हातातलं काम टाकून पायरीवर येऊन बसायच्या, दाराची चौकट धरायच्या आणि मला विचारायच्या, "टेकली का गं?"

मी वाकून काठाकडे बघायची आणि सांगायची, "नाही अजून. खोल पाण्यात आहोत."

"नीट बघ," त्या म्हणायच्या.