सफरचंद, संत्रं आणि वरूडचे मामा

इंग्रजीतल्या एकाच वाक्प्रचारावर उभं आयुष्य निभावून नेणारा माणूस या पृथ्वीतलावर एकच, आणि तो म्हणजे वरूडचे माझे मोठे मामा. एका सभेत कोणी साहेब 'अ‍ॅपल्स अँड ऑरेंजेस' म्हणाले. संत्र्याचं नाव सफरचंदानंतर घेतलं म्हणून संत्र्याचे बागायतदार असलेले मामा आधी उखडलेच. ज्यांची जातच वेगळी अशा दोन गोष्टींची तुलना करू नये, एवढाच त्याचा अर्थ, हे साहेबांनी समजावल्यावर मात्र त्यांनी तो वाक्प्रचार जो उचलला, तो खाली ठेवलाच नाही. चिखलदऱ्याची कॉफी बरी की घरचा चहा, असं विचारा. मामांचं उत्तर ठरलेलं. एकदा मामींनी दोन साड्या पुढे धरल्या, तेव्हाही ते "अ‍ॅपल्स अँड ऑरेंजेस" म्हणाले आणि पुढे बरेच दिवस बिनमिठाचं वरण मुकाट्याने जेवले.

गेल्या अक्षय्यतृतीयेला मात्र मामांनी कमाल केली. घरात मांड्यांचा बेत होता. थोरली सून अमरावतीच्या कॉलेजात शिकवते, आणि तिचे मांडे रुमालासारखे पातळ. धाकटी तेल्हाऱ्याची, लग्न होऊन वर्षही झालेलं नाही. संत्र्यांनी भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला जोडून ती बाजारात बिनधास्त नेते, पण तिचा मांडा चुलीवरच्या खापरावर पोचायच्या आत फाटतो. येणारा-जाणारा दोघींना तोलून बघायचा. कंटाळून धाकटीने बॅग भरली होती, आणि ती माहेरी गेली तर परतायची नाही, हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. त्यात भर पंगतीत माझी मावशी म्हणाली, "थोरलीचे मांडे कसे, अन् तुये कसे. काही शिक तिच्यापासून."

मामांचा घास हातातच राहिला. "अ‍ॅपल्स अँड ऑरेंजेस," ते म्हणाले. "सफरचंदाले संत्र्यासारख्या फोडी काहून नाई, म्हून कोनी भांडते काय? इले मांडे जमत नाई, तिले ट्रॅक्टर जमत नाई. दोघी मायाच सुना. आजपासून या घरात कोनी कोनाले तोलाचं नाई." तेवढ्यात थोरलीने धाकटीचा फाटका मांडा उचलून आपल्या ताटात वाढून घेतला. मावशीने निमूटपणे तूप मागितलं, आणि मामा जग जिंकल्यासारखे जेवले.

बॅग दुपारीच रिकामी झाली. अकोल्याला आमच्या ऑफिसात हा वाक्प्रचार ऊठसूट कानावर पडतो, पण त्याने कोणाचा संसार सावरलेला मी मामांच्या त्या पंगतीतच पाहिला. संध्याकाळी चहा देताना धाकटीने हळूच विचारलं, "मामाजी, मंग मी सफरचंद का संत्रं?"

मामांनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाले, "तू पोरगी हायेस मायी." त्यांना दोन्ही मुलगेच. हा शब्द तोंडात यायला त्यांची साठी उलटावी लागली.