जावयांची माशी

आमचे जावई माशा बांधतात. लेकीने फोनवर हे सांगितलं तेव्हा मला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. अमेरिकेत नोव्हायला तिच्याकडे राहायला आले, तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. जेवणाच्या टेबलाला एक चिमटा बसवायचा, त्यात बारीकसा गळ धरायचा आणि त्यावर कोंबड्याचं पीस, सशाचे केस दोऱ्याने गुंडाळायचे. दिवसभर गाड्यांच्या कंपनीत डोकं शिणवून आलेला माणूस संध्याकाळी श्वास रोखून गाठ मारायचा. नदीवरच्या किड्यासारखी दिसणारी माशी झाली की ती मला दाखवायचे. मी मान हलवायची. जावयाशी बोलायची मला सवय नाही.

पण मासा भुलावा म्हणून बांधलेल्या त्यांच्या माशीला नदीतला ट्राउट काही लागत नव्हता. सगळा उन्हाळा तसाच गेला. लेक म्हणायची, "विकतची लाव ना यार. तुझी माशी नुसती शिंकते." ते हसायचे, दोरा सोडवायचे आणि पुन्हा बांधायला बसायचे. विकतची मात्र लावायचे नाहीत.

सप्टेंबर संपला की ते जायचे ती नदी मासे धरायला एप्रिलपर्यंत बंद. शेवटच्या रविवारी आम्ही तिघं गेलो. मी पिशवीत एक डबा घेतला होता, कुणाला न सांगता.

जावई मांडीभर पाण्यात उभे होते. दोरी मागे जायची, मग हवेत लांब सुटायची, आणि माशी पाण्यावर खऱ्या किड्यासारखी अलगद टेकायची. बघत राहावं असं ते होतं. दुपार उलटली आणि एकदम गळाची काठी वाकली.

"तुझीच माशी?" लेकीने काठावरून विचारलं.

"माझीच."

मासा लाल ठिपक्यांचा होता. त्यांनी हात ओले केले, त्याला पाण्यातच धरलं, गळ हळूच काढला आणि मूठ उघडली. मासा क्षणभर थांबला आणि गेला.

"अहो, सोडलात?" माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यांचं लक्ष मी पिशवीतून काढलेल्या डब्याकडे गेलं. "आई, त्यात काय आहे?"

"रवा. तिखट-मीठ लावलेला."

लेक हसत खालीच बसली. जावई हसले नाहीत. "सॉरी आई. मी नेहमी सोडतोच. आधी सांगायला हवं होतं."

सगळा उन्हाळा ज्याच्यासाठी घालवला तो हातात आला, आणि यांनी सोडला. मला जमलं नसतं.

घरी येऊन मी त्या रव्यात बटाट्याचे काप तळले. जावयांनी एक उचलला आणि लेकीला दाखवला. "बघ, हासुद्धा माझ्याच माशीला लागला."

"याला तरी सोडू नका," मी म्हणाले.