सावलीत ठेवलेली हर्षा

बाळापूरच्या वच्छलाला फुलांची नस ठाऊक होती. झेंडू पहाटे तोडायचा, ओल्या गोणपाटात गुंडाळायचा, सावलीत ठेवायचा. मग अकोल्यात जठारपेठेतलं गिऱ्हाईक हातात घेईपर्यंत तो टवटवीत राहतो. आठ वर्षांच्या हर्षालाही तिनं महिनाभर तसंच सावलीत जपून ठेवलं, आणि इथंच बाईचं चुकलं.

झालं असं, की शाळेतल्या तपासणीत पोरीच्या छातीला तारा लावून काढलेल्या ईसीजीच्या पट्टीवर ‘अ‍ॅबनॉर्मल’ असं छापून आलं. अकोल्याला मोठ्या डॉक्टरांना दाखवा म्हणाले, आणि त्यांची वेळ मिळाली महिन्यानंतरची. तोवर वच्छलानं लेकीचं पळणं बंद केलं, दोरीवरच्या उड्या बंद केल्या, शेतातल्या लिंबाखाली बाज टाकून दिली. पोरीला मात्र अवाक्षर सांगितलं नाही. तिला काय कळतंय, असा सगळ्या आयांसारखा हिचाही समज. दुपारी पोरगी निजली, की ती हळूच तिच्या छातीला कान लावी. आत ठोके भरभर चालत, मग रेंगाळत, पुन्हा भरभर. भोवती झेंडूचा पिवळा मळा उन्हात डुलत असे, आणि ऐकता ऐकता तिला वाटे, आपण त्या ठोक्यांवरून तरंगत कुठंतरी दूर चाललोय. डोळ्यांतून पाणी गळत राही आणि उठवतही नसे.

अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी हृदयाची सोनोग्राफी केली, नवी पट्टी काढली. मग वच्छलाचा हात हर्षाच्या छातीवर ठेवून पोरीला सावकाश श्वास घ्यायला लावला. श्वास आत गेला की ठोके भरभर, बाहेर आला की संथ.

“निरोगी मुलांचं हृदय पुष्कळदा असंच चालतं,” त्या म्हणाल्या. “मशीनला ते कळलं नाही. हिला खेळू द्या.”

वच्छलाला खोलीतला उजेडसुद्धा हलका झाल्यासारखा वाटला. बाहेरच्या बाकावर बसून तिनं लेकीला सगळं समजावून सांगितलं, महिन्याभरात पहिल्यांदाच.

हर्षानं ऐकून घेतलं. मग विचारलं, “म्हंजे मी मरून नाही राहिली?”

“नाही वं माय. तुले कोनं सांगतलं असं?”

“कोनीच नाही. तू कान लावून रडत जाय, तवा मी जागीच राहो.” पोरगी बाकावरून उतरली. “आता शेजारच्या मोनालीले माहा दिवाळीचा फ्रॉक वापस मांगा लागन. मी तिले देऊन टाकला.”