पहिला भाग कोणता

नवऱ्याला बंगळूरची नोकरी लागल्याचा फोन आला त्या दिवशी मी शिरा केला. शिरा कशाबद्दल, असं मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी विचारलं, तर नवरा म्हणाला, रवा जुना झाला होता. मामांनी मान हलवली आणि दुसऱ्यांदा वाढून घेतला.

कोल्हारच्या आमच्या घरात तीनच माणसं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या आणि नवरा एकुलता एक. आम्ही निघालो की मागे मामा, दोन गाई आणि ऊस. मला बंगळूरला जायचं होतं आणि मामांना एकटं ठेवायचं माझ्या जिवावरही आलं होतं. दोन्ही खरं होतं. पण सांगायचं कुणी, तर पोरानं. सुनेनं तोंड उघडलं असतं तर गावानं एकच अर्थ काढला असता, की तिनंच नेला. आणि पोरगा नगरच्या एमआयडीसीत सोळा जणांचं खातं सांभाळणारा, पण बापासमोर उभा राहिला की त्याला फक्त डेअरीचा भाव विचारता येत होता.

या नवऱ्याची एक भक्ती आहे. अंतराळातल्या साहसांची एक जुनी इंग्रजी चित्रपटमालिका, यानं, ग्रह, लढाया वगैरे. कॉलेजच्या हॉस्टेलवर त्यानं दीक्षा घेतली. मला बघायला आला तेव्हा स्वयंपाक येतो का हे त्यानं विचारलं नाही, ते चित्रपट पाहिलेत का एवढंच विचारलं. मी नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा उजळला. कोरी पाटी मिळाल्याचा आनंद होता तो, हे मला लग्नानंतर कळलं. तेव्हापासून मी काही ना काही काढून ते टाळत आले होते. आता मीच सौदा मांडला. पहिला भाग मी शेवटपर्यंत बघते, आणि तो संपला की तू मामांना सांगायचं. तो इतक्या चटकन हो म्हणाला की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

कारण पहिला भाग हा पहिला भाग नव्हताच. जो आधी निघाला तो म्हणे गोष्टीत मधला, आणि जो गोष्टीत पहिला तो कितीतरी वर्षांनी काढलेला. मग सुरुवात कुठून करायची, हा प्रश्न हॉस्टेलच्या मित्रांच्या ग्रुपवर गेला. तिथे दोन पंथ. एक म्हणे ज्या क्रमानं निघाले त्या क्रमानं, दुसरा म्हणे ज्या क्रमानं घडलं त्या क्रमानं. एका भागाबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत होतं की तो नव्या माणसाला दाखवू नये, बिथरतो. माझं माहेर नगरचं. कागदोपत्री आता ते अहिल्यानगर आहे, पण एसटीचा कंडक्टर अजून नगरच ओरडतो. तिथे आमच्या घरी तीन पिढ्यांची भिक्षुकी झाली, पण एवढं सोवळं मी सत्यनारायणाच्या पोथीलासुद्धा पाहिलं नव्हतं.

क्रम ठरला, तर आवाज नीट हवा म्हणून नवे स्पीकर मागवले. स्पीकर आले, तर चांगली प्रत मिळेना. प्रत मिळाली, तर ग्रुपवर कुणीतरी नवीन क्रम काढला, मधला भाग आधी आणि आधीचा भाग मधे. नमनाला घडाभर तेल जाळून झालं आणि निघायला महिना उरला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. भक्ती-बिक्ती काही नव्हती. हा गडी वेळ मारून नेत होता. पहिला भागच ठरला नाही तर तो संपणार कसा आणि बापाला सांगायची वेळ येणार कशी? मला राग आला आणि त्याची कीवही आली. रविवारी ताटं घेतल्यावर मी बजावलं, की आज लावायचा, कुठलाही.

टीव्ही पुढच्या खोलीत, आणि पुढची खोली मामांची. त्यात भंडारदऱ्याचं पाणी कालव्याला सुटलेलं, त्यामुळे चुलत सासरे चौकशीला येऊन बसलेले. कालव्यातून निघणाऱ्या चारीच्या तोंडाशी मामांचं रान आणि पार शेवटाला चुलत सासऱ्यांचं, म्हणून पाण्याच्या दिवसांत दोघा भावांत रोज वाद आणि रोज चहा. नवऱ्यानं नाइलाजानं हिंदी आवाज लावला आणि सुरू केलं.

बर्फाचा ग्रह. तिथे एक पोरगा बापाबरोबर बर्फ फोडतो, त्याचं पाणी करून जगतो. वरच्या ग्रहावरचा सम्राट जास्तीचं सगळं बर्फ अडवून बसलेला. चुलत सासरे ताठ झाले आणि म्हणाले, हे तर आपल्या चारीचंच हाय. मामांनी तिथल्या तिथे सम्राटाची बाजू घेतली. वरच्यालाही गरजा असतात, आणि अडवलं नसतं तर वाहूनच गेलं असतं, असं त्यांचं म्हणणं. सम्राट दुष्ट आहे हे नवऱ्यानं परोपरीनं सांगितलं. मामांनी विचारलं, त्याला किती एकर भिजवायचं असतं ते माहीत आहे का. ज्या संगीतावर नवऱ्याच्या अंगावर दरवेळी काटा येतो ते सुरू झालं तेव्हा दोघे भाऊ पाटकऱ्याच्या, म्हणजे कालव्यावरच्या माणसाच्या, लबाडीबद्दल बोलत होते.

मग तो पोरगा, बाप बर्फावर गेलेला असताना, एका परक्या यानात चढून निघून गेला.

"थांबव," मामा म्हणाले.

नवऱ्यानं चित्र थांबवलं.

"आन् त्याची पाळी कुनी धरायची?"

आमच्याकडे पाणी पाळीनं मिळतं. आपली पाळी आली की बांधावर माणूस उभा लागतो. नसला तर पाणी पुढच्याच्या रानात जातं आणि आपला ऊस पुढचं पाणी सुटेपर्यंत वाळतो. अंतराळात पाळी नसते, असं नवरा म्हणाला. पाणी आहे तर पाळी असणारच, असं चुलत सासऱ्यांनी त्याला सुनावलं. दोघा भावांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"जायाला ना न्हाई कुनाची," मामा म्हणाले. "तरनं पोरगं हाय, जानारच. पन सांगून जावं. बापानं पाळीला मानूस तरी बघितला असता."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो थांबलेल्या चित्राकडे बघत होता. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं, पण मी ती दाताखाली धरली. लग्नानंतर त्या घरात मी इतका वेळ कधी गप्प बसले नव्हते.

"दादा," तो बापाला म्हणाला, "मला बंगळूरला नोकरी लागलीय. पुढच्या महिन्यात निघायचंय. आमाला दोघांनाबी."

चुलत सासऱ्यांना अचानक पाणी कुठवर आलं ते बघायची आठवण झाली. टोपी चाचपत ते गेले. मामांनी चष्मा काढला, टॉवेलनं पुसला आणि पुन्हा लावला. मला वाटलं, आता आवाज चढणार, निदान माझ्या माहेराचा तरी उद्धार होणार. ते टीव्हीकडेच बघत राहिले.

"ह्यो माघारी येतो का?"

"येतो."

"कवा?"

"लई उशिरा," नवरा म्हणाला. "तवर घरी कुनी नसतं."

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच कळलं.

मामांनी पडद्यावरच्या पोराकडे बोट केलं.

"मंग लवकर यावं त्यानं," ते म्हणाले. "लाव पुढं."